कार्डांचे दात

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. पहिलीचा वर्ग म्हणजे काय, ते तुला मी काय सांगणार? तीस वर्षं तू तो सांभाळलास आणि गेल्या वर्षी निवृत्त होताना तुझी खोली, तुझी डुगडुगती खुर्ची आणि तुझ्या शब्दकार्डांची पेटी माझ्या गळ्यात घातलीस. चौथीला शिकवणारी मी, आता सव्वीस नाकं पुसते. रुमाल एकच, तोही माझा.

तुझी चाळीस कार्डं रोज सकाळी दाखवते. आहे, नाही, पण, आणि, माझा, कुठे. अक्षर अक्षर लावत न बसता बघताक्षणी ओळखायचे शब्द. वर्गात एक बुटकी मुलगी आहे, तिला सगळे टिकली म्हणतात. ती चाळीसच्या चाळीस कार्डं धडाधड वाचते. तोच शब्द फळ्यावर लिहिला की मख्ख. पुस्तकात दाखवला की नखं खाते. हे कसं काय?

मला काय वाटतं ते सरळ लिहिते. टिकली ही आपल्या मदतनीस मावशींची नात. तुझ्या वेळेपासूनच्या त्याच मावशी, पाणी भरणाऱ्या, पेन्सिलींना टोक काढून देणाऱ्या. मी कार्ड धरते तेव्हा त्या नेमक्या माझ्या पाठीमागे दारात उभ्या असतात. कार्डामागे तू पेन्सिलीनं शब्द लिहून ठेवलेत, ते त्यांना दिसतात. मग कधी कान खाजवतात, कधी कोपर चोळतात. नातीला खुणा करत असणार, दुसरं काय?

मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. महिनाअखेर बाहेरचे लोक वाचन तपासायला येणार आहेत, त्यामुळे त्या आधीच धास्तावलेल्या. म्हणाल्या की पंचवीस तारखेपर्यंत लेखी तक्रार द्या, मावशींना कामावरून काढून टाकू. कोरा कागद समोर ठेवून बसले आहे. तुझं मत कळव.

लोभ असू दे. संशय मला एकटीला पुरतो.

तुझी,
धाकटी

(समासात, पेन्सिलीनं: तुझ्या वेळी मावशी कुठे उभ्या असायच्या गं?)


ता. ९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. अक्षर आहे की मुंग्यांची रांग? यापुढे जाड काळ्या पेनानं आणि मोठं लिही. पोरांना सुवाच्य काढा म्हणून दटावतेस, आधी आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघ.

चाळीस शब्दांना चाळीस खाजवण्या, आणि त्या सहा वर्षांच्या पोरीला पाठ! एवढं जमत असेल तर टिकलीला थेट चौथीत बसव. मावशींना सांधेदुखी आहे, कोपर चोळतील नाहीतर काय करतील? लहानपणी तुझी रिबीन हरवली की तू आधी माझी पेटी उपसायचीस, आणि रिबीन तुझ्याच वेणीला असायची. ती खोड अजून गेली नाही.

तक्रार लिहू नकोस. मावशींना खडू आणायला पिटाळ आणि मग कार्डं दाखव, म्हणजे खात्री होईल. आणि ती कार्डं आता जुनी झाली, फेकून दे. नवी करून घे. त्यांच्यात जीव अडकवण्यासारखं काही नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. बाहेर फारशी जात नाही, पायरीचा कंटाळा येतो. तुझी माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई


ता. १५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घे, जाड पेन. एका पानात मावणारं पत्र चार पानं झालं.

मावशींना खडू आणायला पाठवलं. टिकलीनं चाळीस कार्डं वाचली, एकही चूक नाही. म्हणजे खुणा नाहीत. पण म्हणून मी गप्प बसेन असं तुला वाटलं का? संध्याकाळी कार्डं मोजली तर एकोणचाळीस. म्हटलं, सापडला चोर. कार्डं घरी जातात आणि घोकंपट्टी होते. मावशी हौद भरायला गेल्या होत्या, तेवढ्यात मी त्यांची पिशवी उघडली. हो, उघडली. लिहितानाही लाज वाटते आहे, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

कार्ड मिळालं. 'कुठे'. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं, आणि त्याच्या कुरतडलेल्या कडेला खळीनं नवी पट्टी चिकटवलेली. तुझ्या सगळ्याच कार्डांच्या कडांना चिरा आहेत, कुठे एक, कुठे दोन, कुठे कोपराच उडालेला. उंदरांचं काम असेल असं मी समजत होते. मावशी बहुधा एकेक नेऊन दुरुस्त करणार होत्या. मी ते होतं तसं ठेवून दिलं. सकाळी त्यांनी गुपचूप पेटीत घातलं.

आता ऐक. त्या सकाळी टिकलीनं एकोणचाळीस कार्डं वाचली आणि 'कुठे'वर अडकली. रोज घडाघडा वाचते तोच शब्द. मावशी दारातच होत्या, त्यांचा चेहराही माझ्याइतकाच बुचकळ्यात पडलेला. दुरुस्त केलेलं तेवढंच एक कार्ड तिला येईना. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

आणि आता तुझ्याबद्दल. मी समासात पेन्सिलीनं एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर तर तू दिलं नाहीसच, नावही काढलं नाहीस. तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत. ज्या कार्डांना तू मला हात लावू द्यायची नाहीस, ती आता फेकून दे म्हणतेस. ताई, तू काहीतरी लपवते आहेस. या वेळी रिबीन माझ्या वेणीला नाही, आधी बघितलं मी. पंचवीस तारीख जवळ आली. मोठ्या बाई रोज कागद मागतात.

लोभ कमी होणार नाही, पण खरं काय ते कळव.

तुझी,
धाकटी


ता. १९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उंदीर मीच.

शेवटची चार वर्षं मला कार्डामागची पेन्सिल दिसत नव्हती. आधी वाटलं चष्मा बदलला की झालं. तसं नव्हतं. कार्ड पोरांकडे तोंड करून धरायचं, मागून आपण वाचायचं, आणि मला मागे नुसता पांढरा कागद. शाळेत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मग एका रविवारी कात्री घेऊन बसले. 'आहे'ला वर एक चीर, 'नाही'ला दोन, 'कुठे'ला डाव्या बाजूला तीन. अंगठा फिरवला की शब्द कळायचा. कोणाला पत्ता लागला नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

पोरं अक्षराकडे न बघता चिरा बघतील हे माझ्या मनातही आलं नाही. तीस वर्षं पहिली शिकवली आणि एवढं कळू नये? पोर सोपी वाट धरतं, हे मीच तुला सांगत आले. मावशींनी चिरा बुजवल्या, टिकलीचा शब्द गेला.

खरं सांगायचं तर तुझं पहिलं पत्र वाचतानाच मी ओळखलं होतं. तरी तुला रिबिनीवरून चिडवलं आणि कार्डं फेकून दे म्हणून मोकळी झाले. मावशींची भाकरी जायची वेळ आली तरी माझी लाज मला मोठी वाटली. याची मला क्षमा नाही. त्या चार वर्षांची पोरंही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ती वाचायला शिकली की चिरा मोजायला, कोणाला विचारू?

हे पत्र मोठ्या बाईंना दाखव. वाटल्यास फळ्यावर लाव. समासात काय विचारलं होतंस ते आता मोठ्या अक्षरात विचार.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
ताई


ता. २७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समासातला प्रश्न राहू दे, त्याची गरज उरली नाही.

रात्री चाळीस नवी कार्डं केली, कडा सरळ. सव्वीसातली अकरा पोरं अडकली. टिकलीनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली की या कार्डांना दात नाहीत, मग वाचायचं कसं? पुन्हा 'मी'पासून सुरुवात केली आहे. तपासणीत आमचा वर्ग आपटणार. आपटू दे. तुझं पत्र मोठ्या बाईंनी दोनदा वाचलं आणि कामावरून काढायच्या यादीतलं मावशींचं नाव खोडलं. तुझ्या चार वर्षांतली पोरं आता वरच्या वर्गांत आहेत. मी मधल्या सुट्टीत एकेकाला गाठून पुस्तक वाचायला लावते आहे. बरीचशी वाचतात. तिघं अडखळली, त्यांना शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसवते.

मावशींची माफी मागितली, खुणांच्या संशयाबद्दल. पिशवीचं सांगायला धीर होत नव्हता. तर त्याच म्हणाल्या की पिशवी उघडली होती हे त्यांना त्याच दिवशी कळलं, कारण डबा त्या नेहमी डावीकडे ठेवतात आणि तो उजवीकडे होता. एवढंच बोलून पाणी भरायला गेल्या. त्या दिवसापासून पिशवी माझ्या टेबलावर उघडी ठेवतात. रोज. ती बंद करा असं म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. रविवारी येते, आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, पायरीचं कारण चालणार नाही. सोबत टिकलीनं तुला लिहिलेला कागद आहे. कोणी हात धरला नाही, मी शेजारी उभी होते.

राग आहे तोवर लोभही आहे असं समज.

तुझी,
धाकटी


ता. २ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

टिकलीचा कागद मिळाला. खिडकीशी नेला. भिंग लागलं नाही, एकेक अक्षर वांग्याएवढं आहे. मात्र खरं सांगते, वाचण्याआधी मी कागदाच्या चारी कडांवरून अंगठा फिरवला. कुठे चीर नव्हती.

मग वाचलं. 'आजी तू कुठे आहे.' 'कुठे' तिला आला गं.

रविवारी ये. मी पायरीवर उभी राहीन. आणि मावशींना सोबत आण. त्यांच्याशी मला बोलायचं आहे, आणि ते पत्रातून बोलण्यासारखं नाही.

तुझी,
ताई