तोंडावरचा पदर

नाशिक

प्रिय आई, तुझ्या पाया पडते.

"तोंडवरना पदर काढ, त्याले बी समजू दे तू हासी ऱ्हायनी." सारंगखेड्याच्या यात्रेत नकलाकारापुढे बसलेले नाना तुला असं म्हणाले होते. काल ते आठवलं.

काल इथे स्टँडअप कॉमेडीला गेले होते. खान्देशातलाच पोरगा, धनराज नावाचा. पुढे बसलेल्यांची तो हमखास फिरकी घेतो आणि मी नेमकी पहिल्या रांगेत. त्याने गाव विचारलं. सारंगखेडा म्हटलं, तर आपला घोडेबाजार त्यालाही ठाऊक, म्हणतो, "मंग ताई, घोडा कोठे बांधी उनी?" सगळं सभागृह हसलं. माझा हात पदर शोधत तोंडाकडे गेला आणि अंगावर तर पंजाबी ड्रेस. आई, हसताना मी अगदी तुझ्यासारखी झाले.

माझी तब्येत छान आहे. तुझे गुडघे कसे आहेत? रोहिणी वहिनी फोनवर सगळं बरं सांगते, पण नाना गेल्यापासून तू ओट्यावरसुद्धा बसत नाहीस, हेही तिच्याच तोंडून निसटलं.

हा धनराज यंदा आपल्या यात्रेत येणार आहे. मीही येते. तू नाहीच म्हणशील, तरी विचारते. माझ्याशेजारी पहिल्या रांगेत बसशील? पदर मी धरून ठेवीन.

तुझी,
शीला