बाई आल्या की उठायचं

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. मामींना त्याहून एक जास्त, कारण हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढत असाल तर चढू नका, आणि चढत नसाल तर ते मामींना पटवून द्या. मी खुशाल आहे. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. खरं तर आज चार वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला आहे.)

परदेश कसा वाटला, असं तुम्ही विचारलं होतंत. शहर रुंद आहे, स्वच्छ आहे, आणि इथे कोणी कोणाला काही विचारत नाही. कुठे निघालात, पिशवीत काय आहे, जेवलात का, काही नाही. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्यात मीच जिन्यात भेटेल त्याला विचारायला लागलो, तेव्हापासून शेजारी लिफ्टने जातात. खोलीचं दार आपोआप बंद होतं, किल्ली आत राहिली तरी होतं. (दोनदा अनुभव घेतला, त्यातला एक टॉवेलवर.)

काम तेच, कवळ्या बनवायचं. मेण तेच, साचे तेच, आणि दात तर जगात सगळीकडे पडतातच. पण तीन महिन्यांची उमेदवारी आज संपते. बाईंनी कागदावर सही केली तर नोकरी पक्की, आणि ती पक्की झाल्याशिवाय तुमच्या भाचेसुनेला आणि आमच्या छकुलीला तुमच्याकडून इकडे आणता येत नाही. मी निघालो तेव्हा छकुली रांगत होती, आता म्हणे पळते. बाई म्हणजे आमच्या मुख्य. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सगळे त्यांना नावाने हाक मारतात, झाडू मारणारासुद्धा. माझी जीभ काही वळत नाही.

आणि इथेच घोडं अडलं. मोठं माणूस आलं की उठायचं आणि ‘बस’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हे तुम्ही आम्हा भाचरांना कान पिळून शिकवलंत. बाई दिवसातून चौदा वेळा येतात. (मोजलंय.) बाकीचे पाच जण मानसुद्धा वर करत नाहीत. मी मात्र ताडकन उठतो, हातात कोणाचा तरी खालचा जबडा. त्या माझ्याकडे बघतात, याला काही विचारायचं असेल म्हणून. मी त्यांच्याकडे बघतो, ‘बसा’ म्हणतील म्हणून. त्या म्हणत नाहीत. शेवटी त्या जातात.

महिन्याभराने त्यांनी माझी खुर्ची बदलली. मग परत बदलली. तिसऱ्या खुर्चीला चाकं होती, मी उठलो की ती मागे भिंतीपर्यंत जायची. गेल्या आठवड्यात त्यांनी मला डॉक्टरकडेच पाठवलं, हा माणूस बैठं काम करू शकतो की नाही ते बघायला. करायला गेलो गणपती, झाला मारुती! डॉक्टरांनी दाबलं, वाकवलं, दुखतं का विचारलं. मी म्हटलं, छे. (डॉक्टर आत आले तेव्हाही मी उठलो होतो. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं.) त्यांनी दिलेलं बंद पाकीट आज चार वाजता बाईंना द्यायचंय. ते समोर आहे. उजेडात धरून पाहिलं, कागद जाड आहे. गप्प बसलो तर डॉक्टर म्हणतील ते खरं, आणि उठायचं कारण सांगितलं तर बाई मला वेडा ठरवणार. सकाळी फोनवर ही विचारत होती, बॅगा भरायला घेऊ का. मी म्हटलं, सावकाश घे. तिला काय समजायचं ते समजलं.

(पुढचं साडेपाचला लिहितोय.)

पाकीट पुढे केलं आणि त्यांनी ते फोडायच्या आत मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगून टाकलं. तुम्ही, तुमची शिस्त, पिळलेले कान. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं.

“म्हणजे मी ‘बसा’ म्हटलं असतं तर तुम्ही बसला असतात?”

“हो.”

“तीन महिने?”

“हो.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, रडतात. हसत होत्या. मग म्हणाल्या, “बसा.” मी बसलो. त्यांनी सही केली. पाकीट न उघडताच मला परत दिलं, म्हणाल्या, आता याचं काय काम. मामा, मला तिथे रडूच आलं. जिंकलात तुम्ही!

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र घरात सगळ्यांना इथपर्यंतच वाचून दाखवायला मामींना सांगा. पुढचं फक्त तुम्हा दोघांसाठी.

दुसरा ता. क. पाकीट मी उघडलं. कंबरेचे दोन मणके झिजलेत, आणि पेशंट कबूल करत नाही, असं लिहिलंय. मामा, उठत होतो ते तुमच्या शिकवणीने, हे खरं. पण उठल्यावर चटकन बसवत नव्हतं म्हणूनही उभा राहत होतो. दोन वर्षं झाली, तिकडे असल्यापासून. कोणाला बोललो नाही. आता बाई दारातूनच ‘बसा’ म्हणणार आणि मला झटकन बसावं लागणार. तेव्हा कंबरेचा एक पट्टा घ्या, छत्तीस इंची, आणि हिच्या बॅगेत तळाशी घाला. तिला कळू देऊ नका, नाहीतर ती मलाच परत बोलावेल.

तिसरा ता. क. पट्टा नाही मिळाला तर त्यासाठी थांबू नका. त्या दोघींना आधी पाठवा. छकुली अजून कडेवर घेण्याएवढी आहे आणि माझी कंबरही अजून तेवढी आहे. दोन्ही फार दिवस तशा राहायच्या नाहीत.