यमुताईंना नाही म्हणायचं नाही

सोमवार, ७ मे १९७३

आज कामावर रुजू झाले! दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ चंपतराव, खापरखेड्याच्या वीजघरात कामाला आहे. त्यानंच ही नोकरी शोधली आणि धंतोलीत दवाखान्यापर्यंत आणून सोडलं. जाताना म्हणाला, "घाबरू नको वं जयवंता, मी हाओ ना." मी कशाला घाबरते! पेशंटची वरच्या मजल्यावरची खोली छान आहे. खिडकीशी कडुलिंब, दाराला वाळ्याची ताटी. पाणी मारलं की आमच्या गावच्या, मोहप्याच्या उन्हाळ्याचा विसर पडतो.

माझ्या पेशंट यमुताई. ऐंशीच्या घरातल्या, पूर्वी हेडमास्तरीण होत्या. आता भ्रम झालाय. उठून पळायला बघतात, सलाईनची सुई ओढतात. आजवर त्यांचे हात पट्टीनं पलंगाला बांधत असत. जबलपूरच्या पुतण्याला ते पाहवलं नाही, म्हणून दिवसभर उशाशी बसायला मला ठेवलं. मोठ्या सिस्टर सिंधूताईंनी काम समजावलं. हात हातात धरायचा आणि बाई काहीही म्हणोत, हो म्हणायचं. नाही म्हटलं की बिथरतात.

यापेक्षा सोपं काम कोणतं असेल?

बुधवार, ९ मे

यमुताईंचा हात कापसासारखा मऊ आहे, पकड मात्र भारी. दिवसभर काहीबाही विचारतात. आज दुपारी म्हणाल्या, शाळेची घंटा झाली ना गं? मी म्हटलं, हो, झाली की. आणि खरंच कुठंतरी घंटा वाजली, लांबलचक. मला हसू आलं.

संध्याकाळी जेवायला गेले तर स्वयंपाकी लहानू ताट वाढता वाढता म्हणाला, "सुट्ट्या लागल्या नं, मंग दुपारी कोनती शाळा भरून राहिली?"

म्हणजे त्यालाही ऐकू आली.

शुक्रवार, ११ मे

काल यमुताई म्हणाल्या, ही खिडकी कधीच बुजवून टाकली, नाही का गं? मी टॉवेलची घडी घालत होते. सवयीनं हो म्हणून गेले.

आज सकाळी आले तर खिडकी नाही. नुसती भिंत. चुना जुना, पोपडे आलेला. काल गजांवर वाळत घातलेला माझा टॉवेल खाली फरशीवर पडला होता. सिंधूताईंना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. या खोलीला खिडकी कधी होती, असं त्यांनी मलाच विचारलं. ऊन लागलं असेल म्हणाल्या, लिंबाचं सरबत दिलं.

बाहेर जाऊन पाहिलं. कडुलिंब आहे. त्याच्यासमोर सपाट भिंत.

शनिवार, १२ मे

आज ठरवून नाही म्हटलं. त्यांनी विचारलं होतं, मला चालता येतं ना गं? मी म्हटलं, नाही यमुताई, तुम्ही पडाल.

त्यांनी सुई उपटली. चादरभर रक्त. डॉक्टर सगळ्यांदेखत मला रागावले. मग दोघी सिस्टरांनी धरून त्यांचे हात पलंगाला बांधले. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून लहान मुलासारखं मुळूमुळू रडत राहिल्या. मनगटावर जुने काळे वळ होते, त्यांच्यावरच पट्टी आवळली.

मला ते बघवेना. जवळ जाऊन म्हटलं, हो, येतं तुम्हाला चालता.

सोमवार, १४ मे

यमुताई चालतात. काठी नाही, आधार नाही. डॉक्टर खूश आहेत. सिंधूताई म्हणतात, हे तुझ्याच सेवेचं फळ.

दुपारी त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुझे गुडघे फार दुखतात ना गं?

मी ओठ घट्ट मिटले. त्या हळूच आपल्या मनगटावरचे वळ चोळू लागल्या. डोळे भरून आले त्यांचे.

हो म्हटलं. काय करणार?

बुधवार, १६ मे

जिना उतरवत नाही. गुडघे सुजलेत. रात्री झोपायला सिस्टरांच्या खोलीवर जाणं बंद, इथंच सतरंजीवर पडते. लहानूजवळ दादाला निरोप धाडलाय, मला घेऊन जा. लहानू म्हणाला, रविवारी येईल तुहा भाऊ.

केस विंचरले. फणीत सगळे पांढरे.

शुक्रवार, १८ मे

भर दुपार. झोप लागत होती. कानाशी आवाज, अगदी मऊ. पुन्हा पुन्हा तेच. मी जयवंता. तू यमू. हो ना गं? मी जयवंता—

तोंडाला वळण पडलंय. झोपेतच हो म्हटलं.

जागी झाले ती पलंगावर. हाताला सुई. खुर्चीत एक पोरगी बसली होती, माझं हिरवं पातळ नेसून, माझी वेणी घालून.

सिंधूताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हो यमुताई, हो.

रविवार, २० मे

दादा आला. दारातून सरळ तिच्याकडे गेला. मी हाक मारली— आवाज कसला फुटतोय, चिरका, म्हातारीचा. म्हटलं, दादा, मी जयवंता. आपल्या कपिलीला साप चावला तेव्हा तू तिच्या गळ्याला मिठी मारून गोठ्यात झोपला होतास.

तो थबकला. माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं!

ती म्हणाली, "दादा, हो म्हण तिले. नाही म्हटलं का चिडते थे."

दादा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हो आजी, हो."

गेले दोघं. सिंधूताई पट्ट्या आणायला गेल्यात. उजवा हात अजून मोकळा—

बाहेर पावलं थांबली. दाराशीच आहेत. दादा बोलतोय. म्हणतो, थांब वं, कपिलीचं त्या आजीले कसं मालूम? त्याला आठवलं. दादाला आठवलं!

आता ती बोलतेय. हळू, मऊ. कपिली कोन, दादा? आपल्या घरी गाय कधीच नव्हती ना?



पुन्हा विचारतेय. नव्हती ना, दादा?

नाही म्हण, दादा— नाही म्ह