रेटिंगवाल्या मॅडम आणि तिळगुळाची रांग

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प : रोज पाचला उठणे. बँकेचा वार्षिक अहवाल रोज दहा पानं वाचणे. चहा एकदाच. ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

आज साडेसातला उठले. पण काल वर्ष संपत होतं, त्याला माझा इलाज नाही.

आज देवरे सरांनी मोठी बातमी दिली. सर आमच्या पंचवटी शाखेचे मॅनेजर, मी तिथे प्रोबेशनवर. या महिन्यात रेटिंग एजन्सीची माणसं मुंबईहून बँक तपासायला येणार. सध्या आमचं रेटिंग 'ए' आहे. वर 'ए प्लस', मग डबल एचे तीन प्रकार, मग ट्रिपल ए. महिन्याला एक पायरी धरली तर जूनपर्यंत ट्रिपल ए. स्कूटीवरच हिशोब केला. द्वारका चौकात सिग्नल चुकला.

४ जानेवारी, रविवार

वार्षिक अहवाल : चार पानं. तीन फोटोंची होती.

आईला रेटिंग समजावलं. एखादी बँक किती भक्कम आहे, लोकांचे पैसे वेळेवर परत देईल का, हे बाहेरच्या माणसाने तपासून अक्षरात सांगायचं. आई शेवंतीच्या वेण्या करत होती. तिने विचारलं, त्या माणसाचे पैसे हायेत का त्या बँकेत? म्हटलं, नसतात, म्हणून तर तो खरं सांगतो. आईने दोरा तोडला आणि पुढची वेणी घेतली. तिचं असं दोरा तोडणं मला वार्षिक अहवालाहून जड जातं.

आईचं बँकेशी जुनं वैर आहे. मी तिसरीत असताना तिची फुलांची सगळी कमाई एका पतसंस्थेत होती. ती बुडाली. तेव्हापासून भिशी आणि तांदळाचा डबा. गेल्या दिवाळीनंतर मी तीन आठवडे मागे लागले, तेव्हा कुठे तिने पैसे आमच्या बँकेत ठेवले. पासबुक घेताना म्हणाली, "बँक मला ठाऊक नाय. तुझ्या भरवशावर ठेवते." घरातली पहिली पदवीधर असण्याचा तो सर्वोच्च क्षण. त्या दिवसापासून ही बँक मला वैयक्तिक वाटते.

८ जानेवारी, गुरुवार

सहा वीसला उठले. प्रगती.

सरांना विचारलं, आपली बँक इतकी वाढतेय, गुजरातपर्यंत शाखा गेल्या, तरी रेटिंग 'ए'वरच का? सर म्हणाले, पोरगं भराभर वाढलं की चड्डी आखूड होते. कर्जं म्हणजे उंची, भांडवल म्हणजे चड्डी. रेटिंगवाले उंचीला टाळ्या वाजवत नाहीत, आधी चड्डी बघतात. शिवाय नवी कर्जं आज सगळी गुणी दिसतात. दोन-चार वर्षांनी हप्ते थकतात का, ते तेव्हाच कळणार.

उपमा असभ्य, पण समजली.

सर पुढे म्हणाले, ठेवी कुणाच्या आहेत तेही बघतात. चार बड्यांच्या असतील तर धोका, एक उठून गेला की खिंडार. हजारो छोट्या लोकांच्या असतील तर उत्तम.

इथे मला कल्पना सुचली. छोटे ठेवीदार आमच्याकडे भरपूर आहेत, पण ते कागदावर आहेत. ते दिसायला हवेत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दिवसात पाच चहा. सण होता.

ठरलं. रेटिंगवाल्या मॅडम तेवीसला शाखेत वीस मिनिटं डोकावणार. त्याच सकाळी महिला खातेदारांचं तिळगूळ-हळदीकुंकू. रथसप्तमीच्या आत आहे, त्यामुळे शास्त्रातही बसतं. सर म्हणाले कर, पण आटोपशीर कर.

वाण : झाकणाचा प्लास्टिक डबा. खातेदार नसलेल्यांनी नेऊ नये म्हणून अट : पासबुक दाखवा, वाण न्या.

कॅशियर रविराज म्हणाला, त्या दिवशी शुक्रवार आहे, पुढे तीन दिवस बँक बंद, काउंटरला गर्दी असते. त्याला समजावलं की गर्दी हाच मुद्दा आहे. तो परत नोटा मोजायला लागला. चांगला मुलगा आहे, पण व्हिजन नाही.

२० जानेवारी, मंगळवार

निमंत्रणं पूर्ण. नाग चौक, हिरावाडी, गणेशवाडी. बायकांचा उत्साह अपेक्षेबाहेर. एकीने विचारलं, सुनेला आणू का? म्हटलं, पासबुक असेल तर दोन सुना आणा.

आईला बोलावलं नाही. ती खातेदार आहे, पण माझी आई आहे. मॅडमपुढे स्वतःच्या घरचं माणूस उभं करणं म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. तत्त्व म्हणजे तत्त्व. तिला कार्यक्रमाचंही सांगितलं नाही, नाहीतर ती विचारेल मला का नाही बोलावलं, आणि मला संघर्ष समजावून सांगावा लागेल.

२२ जानेवारी, गुरुवार

अंतिम आराखडा. बायकांनी साडेनऊला बाहेर ओळीत थांबायचं, पासबुक हातात वर. शटर अर्धंच उघडं ठेवायचं. सर मॅडमना हेड ऑफिसमधून घेऊन येतील, मॅडम गाडीतून उतरतील, वॉचमन जयरामदादा शटर पूर्ण वर करतील आणि सगळ्या एकदम आत. विश्वासाचं दर्शन एका नजरेत.

उद्या पाचचा गजर.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.४०

गजर वाजला असावा.

बायका आल्या. रांग कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत! काठापदराच्या साड्या, हातात पिशव्या, पासबुकं वर. डोळे भरून आले.

१०.२०

सरांचा फोन. सिंहस्थाच्या कामासाठी खोदलेल्या रस्त्यात गाडी अडकली. रविराज म्हणतो दहा वाजून गेले, शटर उघडू. म्हटलं, पाच मिनिटं.

१०.५०

रांगेत पुरुष का आले?

त्याच दिवशी, संध्याकाळ

शांतपणे लिहिते.

आईच्या शेजारी फुलबाजारात बसणाऱ्या बयाबाई रिक्षाने इथून चालल्या होत्या. त्यांना जे दिसलं ते असं : बँकेचं शटर अर्धं, बाहेर बायकांची लांब रांग, प्रत्येकीच्या हातात पासबुक आणि पिशवी. आणि उद्या चौथा शनिवार, परवा रविवार, तेरवा सव्वीस जानेवारी. त्यांनी रिक्षा वळवून फुलबाजार गाठला. रस्त्यात अजून कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकला. अकरापर्यंत माझ्या तिळगुळाच्या रांगेमागे दुसरी रांग लागली. तिला तिळगूळ नको होता.

मी स्टुलावर उभी राहून सांगितलं, हे हळदीकुंकू आहे. मागून एकजण म्हणाला, हो ताई, आमच्या पतसंस्थेचं पण झालं होतं. त्यावर तिळगुळाच्या रांगेतल्या बायकांनीही एकमेकींकडे पाहिलं, आणि दोन्ही रांगांची एकच रांग झाली.

मग आई आली. झेंडूचे डाग पडलेला पदर, कमरेला पासबुक. धावत आली होती. माझ्याकडे पाहिलं, शटरकडे पाहिलं. म्हणाली, "भाग्ये, शटर अर्धं हाय."

मी म्हटलं, "आई, ते तिळगुळासाठी आहे."

हे वाक्य मी आयुष्यात परत कुणापुढे उच्चारणार नाही.

आई म्हणाली, "त्या टायमाला बी आधी शटरच अर्धं आलं व्हतं. माझे पैसे दे."

जयरामदादांनी मला न विचारता शटर वर केलं. लोक आत शिरले. आई रविराजच्या काउंटरला. त्याने स्लिप भरून दिली, अंगठा नाही, सही करा म्हणाला, नोटा दोनदा मोजल्या, ठेवल्या. आईने पिशवीत टाकल्या, वर झेंडूची पानं पसरली आणि निघून गेली. दारातून कुजबुज गेली : बँकवाल्या पोरीची आईसुद्धा काढून गेली. रांग गणेशवाडीच्या दिशेने वळली.

या क्षणी मॅडम गाडीतून उतरल्या.

नाव वेदिका. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. मी पुढे होऊन तिळगूळ दिला आणि आपला खातेदारांचा मेळावा असल्याचं सांगितलं. त्यांनी रांग पाहिली. म्हणाल्या, मेळावा मोठा आहे. मग वीस मिनिटांऐवजी दुपारभर थांबल्या. काउंटरमागे खुर्ची टाकून रविराजला विचारत होत्या, रोकड किती वेळ पुरेल, संपली तर कुठून येईल, किती वेळात येईल. मला काही विचारलं नाही. मी पासबुकं गोळा करत होते, हे त्यांनी पाहिलं असेल.

सरांनी लोकांना सांगितलं, शेवटच्या माणसाला पैसे मिळेपर्यंत काउंटर बंद होणार नाही. दोनच्या सुमाराला मुख्य शाखेतून रोकडीची गाडी आली. ती पाहून बरीच माणसं तशीच परत गेली. काहीजणी इतका वेळ थांबलोच आहोत तर वाण तरी द्या म्हणाल्या. डबे संपले. शेवटचा माणूस सहानंतर पैसे घेऊन गेला. जाताना म्हणाला, मंगळवारी परत भरतो.

एका अर्थाने आज बँकेची खरीखुरी परीक्षा झाली. इतर कुठल्या शाखेने रेटिंगवाल्यांना असं प्रात्यक्षिक दाखवलं असेल? शांत डोक्याने विचार करता, 'ए प्लस' नक्की. कदाचित थेट डबल ए.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

आई बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही. विचारलं, पैसे कुठे ठेवलेस? म्हणाली, हायेत. ह्यापेक्षा जास्त माहिती द्यायला नकार. जी कंपनी माहिती देत नाही तिच्या नावापुढे रेटिंगवाले 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारतात. आईला तो शेरा.

तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं आहे.

मी एकदाच म्हटलं, बँक बुडाली नव्हती. ती म्हणाली, मला कसं कळणार? मला तर तू बोलावलंबी नव्हतं.

संघर्ष समजावून सांगितला नाही.

२८ जानेवारी, बुधवार

हेड ऑफिसचं पत्र. लेखी खुलासा मागवला आहे. सरांनी खुलाशात 'अतिउत्साह' हा शब्द घातला, मी 'दूरदृष्टी' सुचवला होता. प्रोबेशन तीन महिने वाढलं. म्हणजे शिकायला तीन महिने जास्त. सगळ्यांना मिळत नाहीत.

वार्षिक अहवाल : तेच चौथं पान.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रेटिंग आलं.

'ए'. भविष्याचा कल 'स्थिर'. जिथे होतो तिथेच.

सोबत कारणांची सहा पानं. एका बैठकीत वाचली, संकल्पाच्या निम्म्याहून जास्त. भांडवल पुरेसं, पण याच वेगाने वाढायचं तर आणखी लागेल. कर्जं वेगाने वाढली, त्यांची अजून पुरती परीक्षा व्हायची आहे. व्यवसाय अजूनही मोजक्या जिल्ह्यांवर अवलंबून. छोट्या ठेवीदारांचा वाटा सुधारतो आहे. रोकड उपलब्धता समाधानकारक. म्हणजे सरांच्या चड्डीचंच इंग्रजी.

फाइलमध्ये 'पंचवटी' शोधलं. नाही. 'तिळगूळ' तीन स्पेलिंगांनी शोधलं. नाही. परिपूर्णतेसाठी माझं नावही शोधलं.

'समाधानकारक' हा शब्द मात्र मी आणला असं मला वाटतं. रविराजला तसं सांगितलं. तो म्हणाला, गेल्या वर्षीच्या कारणांतही तोच होता. काढून दाखवला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल महाशिवरात्र. आई फुलं घेऊन त्र्यंबकला गेली होती, पाट्या रिकाम्या करून आली.

आज अकराला शाखेत आली. बरोबर बयाबाई. मी उठून खुर्ची पुढे केली. ती माझ्यासमोरून गेली आणि रविराजच्या काउंटरला उभी राहिली. पिशवी उलटी केली. कालची कमाई, त्या शुक्रवारी काढून नेलेले आणि खाली भिशीचे सगळे. नोटांना तांदळाचा भुगा लागला होता. बयाबाईंनी नवं खातं उघडलं.

मी विचारलं, आता का? इतके महिने मी आकडे दाखवत होते, अक्षरं समजावत होते.

आई म्हणाली, "तू नुसती सांगतच व्हती. या पोरानं काय सांगितलं नाय. एवढ्या गर्दीत मागितले, तं मोजून दिले."

नियमाप्रमाणे दोन्ही ठेवी ज्याने आणल्या त्याच्या नावावर जातात. रविराजच्या नावावर गेल्या. तो म्हणाला, तुझं नाव घालतो, पण मी हितसंबंधांचं कारण देऊन नकार दिला. आणि लगेच पस्तावले.

निघताना आई माझ्या टेबलाशी थांबली. म्हणाली, समद्या बायांना डबा दिलास म्हणे. माझा कुठाय?

डबे त्याच दिवशी संपलेले. मी माझा जेवणाचा डबा धुतला, पुसला, हळदीकुंकू लावून तिच्या हातात ठेवला. तिने उलटासुलटा करून पाहिला.

"हा तर घरचाच हाय," म्हणाली.

पण घेऊन गेली. उद्या जेवण कशात न्यायचं, बघायला हवं.