गॅरेजचा कोबा

अण्णा,

आज सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचा डाग दिसला. वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की तो जागच्या जागी थांबला. आवाज माझा होता, पण ओरडणं तुमचं होतं. तेव्हापासून दिवसभर तुम्ही मनात आहात, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला हृदयाचा झटका येऊन गेला त्या वर्षीची गोष्ट. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोलादपूरला हायवेलगतचं आपलं गॅरेज दिवाळीपासून बंद होतं. कशेडी घाट चढायच्या आधी ट्रकवाले ब्रेक दाखवायला तुमच्याकडे थांबायचे, आणि आता डॉक्टरांनी तुम्हाला पाना उचलायलाही बंदी केलेली. एका संध्याकाळी चहा देता देता आई म्हणाली, "मी तिथं खानावळ घालते. डायवर लोक थांबतातच, जेवतील." तुम्ही कप खाली ठेवलात. "गॅरेज हाय ते. मी अजून जिता हाय." एवढं बोललात, आणि नंतर कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरलात. आई हटली नाही. घर चालायला हवं होतं, आणि तिला येत होता तो स्वयंपाक. अडचण कोब्याची होती. वर्षानुवर्षांचं तेल त्यात मुरलेलं. आत पाऊल टाकलं की डिझेल-ग्रीसचा वास नाकात बसायचा. तिथे ताट घेऊन कोण बसणार?

शेवटी एका सकाळी आम्ही दोघींनीच कंबर कसली. मी साबणाची पावडर टाकून बादल्या ओतते आहे, तेल निघायचं सोडून रंगीत तवंग होऊन भिंतीपर्यंत पसरतं आहे, आई खराट्याने ते परत माझ्याकडे लोटते आहे. आणि दारात तुम्ही, बनियनवर, काठी टेकून. मला वाटलं, आता हाकलून देणार. "अगो, पाणी नको वतू!" तुम्ही ओरडलात. "समदा कोबा तेलकट केलात. आधी तेल सुकं उचलायचं." रागावला होतात, पण खानावळीवर नाही, आमच्या कामावर. आई खाली मान घालून हसली, ते तुम्हाला दिसलं नाही.

मग तुम्ही दारात स्टूल टाकून बसलात. मला वखारीत लाकडाचा भुसा आणायला पिटाळलंत. तो डागांवर पसरून पायाने दाबायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून काढायचा. मग धुण्याचा सोडा कढत पाण्यात कालवून थापायचा आणि काथ्याच्या ब्रशने घासायचं. माझे हात सोलवटले. गाडीखाली उतरायच्या खड्ड्याकडेचे डाग तरीही हटेनात, तेव्हा आईने चुलीतली राख आणली. "कढईचं तेल जातं, तर ह्याचं का नाय जायचं?" तुम्ही तोंड वाकडं केलंत. राखेने डाग फिकट झाले तेव्हा मात्र म्हणालात, "बरी हाय. अजून आण." अबोला तिथे सुटला.

दाराजवळचा काळा थर निघाला तेव्हा खाली एक पाऊल उमटलेलं दिसलं. उघडं, लहानसं. तुम्ही स्टुलावरून वाकलात. "कोबा वला होता, तवा तुझी आई चहा घेऊन आत आली. मी किती बोललो तिला!" आई म्हणाली, "माझं नाय ते. कोण दुसरी येत असंल चहा घेऊन." "ठेव पाय, ठेव," तुम्ही म्हणालात. तिने ठेवला. पाऊल आता रुंद झालेलं, त्या ठशात मावेना. तुम्ही हसायला लागलात, खोकला येईपर्यंत हसलात, आणि आई तुमच्या छातीवर हात ठेवून, "अवो, पुरे, पुरे," म्हणत स्वतःच हसत सुटली. आजारपणानंतर तुम्हाला असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

खानावळ चालली. तुम्ही दारात बसून येणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगायचात, जेवता जेवता ड्रायव्हर तुमचा सल्ला घ्यायचे. तुम्हाला मिळालेली पुढची वर्षं अशी गेली, माणसांत. नंतर रस्ता रुंद झाला आणि ती जागाच राहिली नाही. आई आता माझ्याकडे असते.

हे तिला वाचून दाखवावं असं मघाशी मनात आलं होतं. नाही दाखवणार. आणि तुमच्याकडे तर पोचायचं नाहीच. खानावळीच्या पहिल्या दिवशीची वांग्याची भाजी आठवते? आधी नैवेद्य, म्हणून तिने चाखली नव्हती. तुम्ही पहिला घास घेतलात, क्षणभर थांबलात, आणि "झकास" म्हणालात. मग दारात बसून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी लागत होतात, "भात जास्त घ्या. आणि भाजीला नावं नका ठेवू." संध्याकाळी पातेलं रिकामं पाहून ती किती फुलली होती! स्वतः ताक-भात जेवली. भाजी खारट होती, अण्णा. मलाही तेव्हाच कळलं होतं. तिला अजून माहीत नाही.