अण्णांच्या खाटेपाशी

सोलापूर

ती. अक्कास, हरिदासचा दंडवत.

भुंग्याला ओट्यावरून उतरायला फळीचा उतार आणि मागच्या पायांना चाकांची गाडी मी स्वतः केली, कुणाकडं न शिकता. सूतभर चूक नाही.

त्याच्या पोटातली गाठ मात्र वाढली. डॉक्टर म्हणाले, "काढू की, पण कुत्रं म्हातारं झालंय, भुलीतून उठेलच असं नाही. तशीच ठेवली तर दिवाळीपर्यंत जगेल."

आपले अण्णा गेल्यापासून रोज संध्याकाळी तो त्यांच्या रिकाम्या खाटेपाशी शेपूट हलवतो, थोपटून घ्यायला मान वाकवतो. मला तितं कुणी दिसत नाही. दिवाळीपर्यंत तरी अण्णा आल्याचं कळत राहील.

तुझा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो.

तुझा धाकटा,
हरिदास

ता. क. "मामा, खर्चाचं माझ्याकडं लागलं," म्हणत तुझा सतीश ऑपरेशनला चाळीस हजार देत होता. मी नको म्हणालो.