बत्तीस सह्या आणि एक शब्द

१२ नोव्हेंबर, मूल (जि. चंद्रपूर)

बाबा आईला सही शिकवायला बसले होते तेव्हा ती म्हणाली होती, "अंगठा माह्याच हाताले हाय. सही तं कोनी बी शिकून घेईन." मी नऊ-दहा वर्षांची असेन. हसले होते. आज श्वेताचं बोलणं ऐकताना ते वाक्य अचानक आठवलं.

श्वेता नागपूरच्या एका कंपनीत इंजिनीअर. त्यांनी जंगलालगतच्या गावांत खांबांवर डबे बसवलेत. कॅमेऱ्याला वाघ दिसला की भोंगा वाजतो, मग डबा बोलतो. आतला प्रोग्राम नागपुरात बसून, मोबाइलच्या नेटवर्कवरून बदलता येतो. आलेला बदल कंपनीचाच आहे की भलत्या कोणाचा, हे डबा त्यावरची सही तपासून ठरवतो. गावकऱ्यांसाठी याची पुस्तिका मी लिहायची आहे.

श्वे. म्हणते, सध्या चालणाऱ्या बऱ्याच सह्या पुढेमागे क्वांटम संगणक शिकून घेतील. कधी, ते कोणालाच माहीत नाही. पण डबा खांबावर पंधरा वर्षं राहायचा आहे, म्हणून त्यात पहिल्यापासूनच नव्या जातीची सही.

आई असती तर म्हणाली असती, मंग मी काय सांगत होती.

१४ नोव्हें.

सकाळभर एकच गोष्ट समजून घेत बसले. मला वाटलं होतं फार अवघड गणित असेल. तर नुसतं दळण आहे. गुपित आकडा घ्यायचा, दळायचा, ते पीठ पुन्हा दळायचं, पुन्हा. डब्याजवळ सगळ्यात शेवटचं पीठ असतं. सही म्हणजे मधल्या कुठल्यातरी दळणाचं पीठ; कितव्या, ते पाठवायच्या बदलावरून ठरतं. डबा ते पुढे दळतो आणि आपल्याजवळच्याशी जुळतं का पाहतो. पुढे कोणीही जाऊ शकतं. मागे नाही. पिठाचे दाणे क्वांटमलाही करता येत नाहीत.

श्वे. : "आत्ताच्या माहितीप्रमाणे, ताई. तेवढं लिहाच."

अट एकच. एक किल्ली, म्हणजे एक गुपित आकडा, एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा वापरली की जास्तीचं पीठ बाहेर येतं, आणि ते जुळवून भलताही सही करू शकतो. म्हणून वापरली की खोडायची, कायमची.

विचारलं, भलत्याने केली सही, तर काय होईल?

"भोंगा मुका करील. नाहीतर वाघ कुठे आहे ते शिकाऱ्याला सांगेल."

पेन खाली ठेवलं.

१७ नोव्हें.

डबा बघायला गावात गेले. जंगलाकडची शेवटची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तिथेच खांब. धानाची कापणी जोरात. डब्यावर पेंढा भरलेलं पोतं, सुतळीने घट्ट बांधलेलं. फक्त कॅमेऱ्यापुरती फट.

रुकमाबाई कोडापे बचत गटाच्या अध्यक्ष, साठीच्या. त्यांना विचारलं, पोतं काऊन बांधलं?

"थंडी पडून राह्यली ना बाई. त्याले बी लागत असंन."

बाया खाली माना घालून हसल्या. मीही. मग हसणं संपलं आणि रुकमाबाई हळूच म्हणाल्या, "तुमचा डब्बा त्याचं नाव घेते. भर सांजच्या वेळी, माईकवरून. आमी बुढ्या बी घेत नाई. नाव घेतलं का तो येते."

मग तुम्ही काय म्हणता?

"जनावर म्हनतो. नाईतं हातानं दाखवतो."

मी मूलची. माझी आई तरी कुठे नाव घ्यायची? हे मला माहीत नव्हतं असं म्हणताच येणार नाही.

१८ नोव्हें.

डबा बोलतो ते वाक्य मीच लिहिलं होतं, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. "सावध राहा, वाघ आला आहे." जुन्या मेल काढल्या. श्वे.च्या कच्च्या मसुद्यात होतं, "सावध, जनावर आलं." डबे बसवणाऱ्यांनी गावात ऐकून लिहून आणलेलं. त्याखाली माझी टीप : "जनावर मोघम वाटतं. वाघ असं स्पष्ट म्हणावं."

स्पष्ट. किती वेळ त्या शब्दाकडे बघत होते.

२० नोव्हें.

श्वे.ला फोन. एक शब्द बदलायचाय.

म्हणाली, आवाज प्रोग्रामच्या आतच आहे. शब्द बदलायचा म्हणजे नवा प्रोग्राम, म्हणजे नवी सही. डब्यातली चिप लहान, म्हणून सगळ्यात लहान जुळणी घेतली. तिच्यात किल्ल्या बत्तीस, म्हणून सह्याही बत्तीसच. पंधरा वर्षांना बत्तीस. पहिल्याच वर्षात बारीकसारीक दुरुस्त्यांत सात उडाल्या, तेव्हापासून तिच्या साहेबांचा नियम : सही फक्त सुरक्षेसाठी.

"तोंडात दात असतात तेवढ्याच," मी म्हटलं.

"हो, आणि दुधाचे नाहीत हे. पडले की पडले."

गावातच कोणी आवाज बदलून घेतला तर?

"ताई, गावात बदलता आला तर कोणालाही बदलता येईल. पुस्तिकेत हेच लिहिलंय ना तुम्ही? पान चार."

लिहिलंय. चांगलंच लिहिलंय, पुन्हा वाचून पाहिलं. डबा कोणाचंही ऐकत नाही याचं मी तिथे कौतुक केलंय. तेव्हा मनात शिकारी होता. रुकमाबाई नव्हत्या.

तरी वाटतं, कुलूप चुकीचं नाही. ते बसवायच्या आधी आत काय ठेवलं ते चुकलं.

२५ नोव्हें.

श्वे.चा फोन, स्वतःहून. रविवारी संध्याकाळी त्याच खांबाच्या कॅमेऱ्यात वाघ. डब्याच्या नोंदीत "सूचना दिली" असं आहे. गावात सगळे ठीक ना?

रुकमाबाईंना फोन लावला. कोणी काही ऐकलं नव्हतं. त्यांची सून सुनीता तेव्हा बांधीत भारे बांधत होती. सकाळी पाऊल दिसलं, ती होती तिथून दोन बांध्या सोडून.

पोतं काढा म्हटलं. जवळजवळ ओरडलेच.

"काढतो ना मी. तो बोलला का बाया परत बांधतात. सुनीताच बांधते. आता तिले तं पक्कं वाटून राह्यलं का यानंच बोलावलं त्याले." मग, "तुमचा डब्बा खोटा नाई बाई. त्याले बोलाचं समजत नाई."

त्याला नाही, मला. सांगून टाकलं, ते वाक्य माझं आहे म्हणून. त्या म्हणाल्या, "मंग तुमीच बदलवा."

तेवढं सोपं वाटतं त्यांना. मलाही आठवड्यापूर्वी वाटलंच होतं.

२८ नोव्हें.

गावात जाऊन शब्द बदलण्याच्या अर्जाचा कागद वाचून दाखवला. रुकमाबाईंनी शाईचं पॅड मागितलं. मी म्हटलं, तुम्हाला सही येते ना, गटाच्या वहीत बघितलीय.

"येते. पर हे अंगठ्याचं काम हाय."

अकरा अंगठे झाले. सुनीताचा शेवटी, बराच वेळ उभी राहून मग. तिने विचारलं, किती दिवस लागतील? मी कागदाची घडी घातली. कापणी अजून आठ-दहा दिवस चालेल. आणि खांबावर पोतं आहेच.

२९ नोव्हें.

श्वे. म्हणाली, पाठवा, पण साहेब नाहीच म्हणतील. त्यांच्या लेखी सुरक्षा म्हणजे डब्याची. ते नाही म्हणतील असं मलाही वाटतं. त्यांच्या जागी असते तर मीही सह्या जपल्या असत्या.

पाठवला. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते.

"आपल्याजवळ पंचवीस सह्या उरल्या आहेत आणि त्या पुन्हा मिळणार नाहीत, हे मला समजलं आहे. वाक्यातली चूक आपल्या कंपनीची नाही, माझी आहे. तरी त्यांतली एक सही, कापणी संपायच्या आत, ‘वाघ’ हा शब्द काढून तिथे ‘जनावर’ घालण्यासाठी द्यावी, ही विनंती."